आपल्या तालुक्यातील डास कोणाला ओळखता येतात?

पावसाळा सुरू झाला की या त्रैमासिकाकडे येणाऱ्या लेखांत एका विषयाची हमखास भर पडते. डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा हिवताप यांपैकी एखाद्या ज्वराची आयुर्वेदीय चिकित्सा हा तो विषय. लेखाच्या आरंभी सुश्रुताचार्यांनी डासांचे पाच प्रकार सांगितले असल्याचा सगौरव उल्लेख असतो आणि त्यावरून हिवतापाचा डासांशी असलेला संबंध आपल्या पूर्वजांना ज्ञात होता, असा निष्कर्ष काढलेला असतो. उल्लेख खरा आहे; निष्कर्ष मात्र आम्हांस मान्य नाही. कल्पस्थानाच्या आठव्या अध्यायात सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय अशी पाच नावे येतात. दंशस्थानी खाज व सूज येते, पार्वतीय मशकाचा दंश प्राणघातक कीटकांच्या दंशासारखा असतो, एवढे तेथे सांगितले आहे. या दंशातून विषमज्वर उत्पन्न होतो असे तेथे म्हटलेले नाही. जे ग्रंथात नाही ते ग्रंथाच्या पदरी बांधणे हा ग्रंथाचा गौरव नव्हे.

तथापि त्या पाच नावांत खरोखर गौरवास्पद असे काही आहे आणि त्याकडे आमच्या लेखकांचे सहसा लक्ष जात नाही. समुद्राकाठचा डास वेगळा, डोंगरातला वेगळा, काळा वेगळा, आकाराने मोठा वेगळा, असे म्हणण्यासाठी कोणीतरी त्या त्या ठिकाणी जाऊन, बसून, डास न्याहाळलेला असला पाहिजे. चरकाचार्यांनीही विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना दूषित देशाच्या लक्षणांत मशक, मक्षिका व मूषक यांच्या सुळसुळाटाची नोंद केली आहे. ही पाहणाऱ्या माणसांची परंपरा आहे. तिचे वारस म्हणवून घेणाऱ्या आम्हा वैद्यांना आज एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. आपण ज्या तालुक्यात व्यवसाय करतो, तेथे कोणते डास आहेत, ते कोठे अंडी घालतात, कोणत्या महिन्यात वाढतात, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आणि आपल्याला येत नसेल, तर तालुक्यात ते सांगू शकणारा दुसरा कोण आहे?

हा प्रश्न केवळ वैद्यांपुरता नाही. कीटकांमार्फत पसरणाऱ्या रोगांचे संशोधन त्या त्या भूमीतील माणसांनी करावे की बाहेरून आलेल्यांनी, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेस डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी पाहिला आणि पुढील वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून संक्रमणाचे चक्र पूर्ण उलगडले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कलकत्त्यास डास पकडणारे, ते वाढविणारे, पक्ष्यांना चाववून घेणारे हात होते महंमद बक्ष या मदतनिसाचे. इतिहासात त्यांचे नाव उरले, हेच विशेष. त्यांना शिकविण्याचा, त्यांच्यातून पुढचा संशोधक घडविण्याचा विचार त्या काळच्या व्यवस्थेत कोणाच्या मनात येण्यासारखाच नव्हता. साहेब मायदेशी परतला की विद्याही त्याच्याबरोबर जहाजावर चढे.

याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्यातले आहे आणि ते आपण पुरेसे ओळखत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. आज आपण ज्या संस्थेस राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखतो, तिचे हे मूळ रूप. स्थापनेनंतर पाच वर्षांतच या केंद्राची कसोटी लागली. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे तीव्र ज्वराने आजारी पडू लागली. माकडांच्या मृत्यूमुळे प्रथम पीतज्वराची शंका आली, कारण तो रोग आफ्रिका व दक्षिण अमेरिका सोडून आशियात कधी आढळलेला नव्हता आणि तो आला असता तर अनर्थ ओढवला असता. पुण्याच्या पथकाने तपास करून हा विषाणू अगदी नवा असल्याचे सिद्ध केले. क्यासनूर जंगलावरून त्या रोगास नाव मिळाले. त्याचा वाहक डास नसून गोचीड असल्याचेही स्पष्ट झाले. (गोचीड हा आठ पायांचा जीव असल्याने शास्त्रीय अर्थाने कीटक नव्हे, परंतु कीटकशास्त्रज्ञांनी त्याला आपल्या पंगतीस बसवून घेतले आहे.)

टेलफर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो या अमेरिकन शास्त्रज्ञांची नावे या शोधाशी जोडलेली आहेत व ती योग्यच आहेत. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते त्यांच्याबरोबर व त्यांच्यानंतर घडले ते. जंगलात पांढरे फडके फिरवून गोचिडी गोळा करणे, त्या जातीनिहाय वेगळ्या करणे, कोणत्या महिन्यात कोणत्या अवस्थेतील गोचीड आढळते याचे तक्ते ठेवणे, ही कामे भारतीय तरुण शिकले आणि त्यांनी ती वर्षानुवर्षे चालविली. रॉकफेलर प्रतिष्ठानाने १९६७ साली आपला हात काढून घेतला, पण केंद्र बंद पडले नाही. कारण ते चालविणारी माणसे तोवर येथेच तयार झाली होती. या संस्थेचे संचालकपद भूषविलेले टी. रामचंद्र राव यांनी भारतातील ॲनॉफिलीस डासांवर लिहिलेला ग्रंथ अभ्यासकांना आजही जवळ ठेवावा लागतो. क्यासनूरच्या जंगलात गोचिडींवर काम केलेले पी. के. राजगोपालन पुढे पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राचे दीर्घकाळ संचालक होते. १९७५ साली स्थापन झालेल्या त्या केंद्रात सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. खुर्शीद पावरी १९७८ ते १९८८ या काळात पुण्याच्या संस्थेच्या संचालक होत्या. एका प्रयोगशाळेतून एक विद्यावंश उभा राहिला.

पण विद्यावंश उभा राहणे आणि तो तालुक्यापर्यंत पोहोचणे यांत फार अंतर आहे. त्या अंतराची किंमत या देशाने एकदा मोजली आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि डी.डी.टी.च्या फवारणीने असा चमत्कार घडविला की १९६५ साली देशातील रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. हिवताप संपलाच, असे सर्वांनी गृहीत धरले. जो रोग संपला त्याचा डास कोण कशाला पाहत बसेल? डास मात्र डी.डी.टी.ला सरावत होते. १९७६ साली चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. दरम्यान हिवतापाचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर इतर अनेक कामे सोपवून त्यांना बहुउद्देशीय करण्यात आले होते. त्या निर्णयामागील हेतूबद्दल आम्हांस शंका नाही. पण ज्याच्याकडे दहा कामे असतात त्याच्या हातून डबक्यात वाकून पाहण्याचे काम प्रथम सुटते, हे कोणत्याही खेड्यात राहिलेल्या माणसास ठाऊक आहे. आमच्या राज्याच्या आरोग्य सेवेत कीटक समाहारक नावाचे पद आहे. आपल्यापैकी किती जणांनी हे पदनाम ऐकले असेल, याविषयी आम्ही साशंक आहोत.

आणि आता थोडे आमच्या स्वतःच्या उणिवेविषयी. चिकुनगुन्याची साथ १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीस येऊन गेली होती. त्यानंतर बत्तीस वर्षे तो विषाणू या देशात जणू नाहीसा झाला आणि २००५ च्या अखेरीस पुन्हा अवतरला. २००६ साली देशभरात सुमारे चौदा लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्या वर्षी आमचे दवाखाने सांधे धरून, भिंतीचा आधार घेत येणाऱ्या रुग्णांनी भरून गेले होते. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या सांधेदुखीवर आधुनिक वैद्यकाकडे वेदनाशामकांपलीकडे फारसे काही नसल्याने ते आमच्याकडे आले. आम्ही कोणी आमवात म्हणून, कोणी संधिगत वात म्हणून, कोणी जीर्णज्वराचा उपद्रव म्हणून चिकित्सा केली. पुष्कळांना गुणही आला. पण त्या काळातल्या नोंदी आज आमच्यापाशी काय आहेत? रुग्ण कोणत्या गावचा, ज्वर कोणत्या दिवशी आला, घरात आणखी किती जण आजारी होते, घरी पाणी कशात साठविले होते, कोणते औषध किती दिवस दिले आणि सांधे किती दिवसांत मोकळे झाले, हे लिहून ठेवणारे सभासद आम्हांस बोटांवर मोजण्याइतकेही आढळले नाहीत. दोष कोणा एकाचा नाही. आम्हांला ते कोणी शिकविले नव्हते आणि आम्हीही शिकवा म्हणून कोणाकडे गेलो नाही. एवढी मोठी संधी आमच्या उंबरठ्यावर आली आणि वर्षभरात निघून गेली.

याच संदर्भात पश्चिम आफ्रिकेतील माली या देशाचे उदाहरण आम्ही येथे मुद्दाम मांडत आहोत. गरिबीने गांजलेला, सहाराच्या कडेला वसलेला हा देश. तेथील ओगोबारा डुम्बो यांचे आजोबा व वडील पारंपरिक वैद्य होते. ते स्वतः आधुनिक वैद्यकाचे पदवीधर झाले आणि कीटकशास्त्रज्ञ येया तूरे यांच्यासमवेत बामाको या राजधानीत हिवताप संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पैसा व उपकरणे मुख्यतः अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून आली, परंतु केंद्राची सूत्रे मालीच्या शास्त्रज्ञांकडेच राहिली. तरुणांना पीएच.डी.साठी परदेशी पाठवायचे, पण त्यांचा अभ्यासविषय मालीतल्या खेड्यातला असायचा आणि परतल्यावर त्यांना काम करण्याजोगी प्रयोगशाळा तयार असायची. हा शेवटचा भाग फार मोलाचा आहे. आपल्याकडे शिकलेला माणूस परत येत नाही अशी हाकाटी आपण करतो. तो परत आला तर बसणार कोठे, याचा विचार कोणी करीत नाही. डुम्बो २०१८ साली निवर्तले. पण २०२२ साली हिवतापप्रतिबंधक प्रतिपिंडाची जी चाचणी जगभर गाजली, ती मालीच्याच खेड्यांत झाली आणि तिच्या लेखात पहिले नाव कासूम कायेन्ताओ या मालीच्याच संशोधकाचे होते.

मालीतील दुसरी एक गोष्ट तर थेट आपल्या अंगणातली आहे. तेथील पारंपरिक औषधी विभागाने परदेशी सहकाऱ्यांसह खेड्यांतील घरोघर जाऊन एकच चौकशी केली : घरात अलीकडे हिवतापासारखा ताप कोणाला आला, त्याला काय दिले आणि पुढे काय झाले? अनेक वनस्पतींमधून ज्या वनस्पतीचा अनुभव सर्वांत चांगला निघाला ती होती आर्जेमोने मेक्सिकाना, म्हणजे आपल्या पडीक रानात उगवणारा पिवळा धोत्रा. तिला आपल्यापैकी काही जण स्वर्णक्षीरी म्हणून वापरतात. वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असल्याने ग्रंथोक्त स्वर्णक्षीरी ती हीच का, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. पुढे ३०१ रुग्णांवर तौलनिक चाचणी होऊन २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अठ्ठावीस दिवसांत दुसरे औषध द्यावे लागले नाही असे रुग्ण काढ्याच्या गटात सुमारे ८९ टक्के, तर आर्टेमिसिनिनयुक्त औषधाच्या गटात ९५ टक्के होते. काढ्याने रक्तातील परजीवी पूर्णपणे नाहीसे होतातच असे नाही, हेही त्या संशोधकांनी लपविले नाही. (कोणी सभासदाने हे वाचून हिवतापाच्या रुग्णास पिवळ्या धोत्र्याचा काढा देऊ नये. याच वनस्पतीच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने १९९८ साली दिल्लीत काय हाहाकार झाला, तो आम्ही विसरलेलो नाही.) अनुभवाकडून प्रयोगशाळेकडे जाण्याची ही उलटी वाट भारतात मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांनी प्रशस्त केली. विचार आपला, वनस्पती आपल्या बांधावरची. पण चाचणी झाली ती मालीत, कारण घरोघर जाऊन विचारणारी व उत्तर जसेच्या तसे लिहून घेणारी माणसे तेथे तयार झाली होती.

याच्याशी आपले वर्तन ताडून पाहावे. सप्तपर्ण, कुटकी, किराततिक्त व कुबेराक्ष यांपासून बनविलेल्या आयुष-६४ या औषधाची पुष्कळ प्रशंसा आमच्या पानांवर येऊन गेली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या तौलनिक अभ्यासात क्लोरोक्विनने सर्व रुग्ण बरे झाले, तर आयुष-६४ ने जेमतेम निम्मे. हा निष्कर्ष किती सभासदांना ठाऊक आहे? निम्मे रुग्ण बरे होणे ही क्षुल्लक बाब नाही. ते कोणते निम्मे, त्यांची प्रकृती काय, रोग कितव्या दिवशी आला असता औषध सुरू झाले, हे शोधणे हेच तर आपले काम होते. गैरसोयीचा निष्कर्ष झाकून ठेवणाऱ्यास संशोधक म्हणता येत नाही, आणि ही टीका आम्ही प्रथम स्वतःवर करीत आहोत.

काही ज्येष्ठ वैद्य यावर म्हणतील की, डास हा केवळ निमित्तकारण. दोष, अग्नी आणि बल यांचा विचार करणे हे आपले क्षेत्र आहे, डबकी मोजणे नव्हे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून आम्ही इतकेच विचारतो की, निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या शास्त्राने निदानाकडे पाठ कशी फिरवावी? डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कोरड्या काठाला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना रांजण नुसता उपडा करून भागत नाही, तो आतून घासावा लागतो. हे रुग्णाच्या आईला पटवून सांगण्यास तिच्याच बोलीत बोलणाऱ्या, तिचा विश्वास असलेल्या वैद्यापेक्षा योग्य माणूस कोण? महापालिकेचा फवारणीचा धूर पाहून ती समाधान मानते. तिच्या माठात काय वळवळते आहे ते तिला कोणी दाखविलेले नसते.

शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील पहिला धडा अवघड नाही. ॲनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडून राहते, क्युलेक्सची अळी डोके खाली करून लोंबकळते. ॲनॉफिलीस डास भिंतीवर तिरपा बसतो, एडिसच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. एका दिवसात एवढे येते. दुसरा धडा नम्र करणारा आहे. भारताच्या ग्रामीण भागात हिवताप पसरविणारा ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस दिसायला एक असला तरी त्यात पाच सहोदर जाती आहेत आणि त्यांपैकी एक जाती हिवताप पसरविण्यात फारच दुबळी आहे. डोळ्यांनी पाहून त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. त्यांतील अनेकींचा उलगडा डॉ. सरला सुब्बाराव व त्यांच्या दिल्लीतील सहकाऱ्यांनी गुणसूत्रांच्या अभ्यासातून केला. (सुश्रुतोक्त मशकही पाचच आणि या जातीही पाचच, हा निव्वळ योगायोग आहे. यावर कृपया लेख पाठवू नये.) सांगण्याचा हेतू इतकाच की, तालुक्यातील निरीक्षक आणि प्रयोगशाळेतील तज्ज्ञ यांना एकमेकांवाचून गत्यंतर नाही.

आमची सूचना मर्यादित आहे. महाराष्ट्रातील अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि आदिवासी भागातील भरारी पथकांत आमचेच पदवीधर काम करीत आहेत. स्वस्थवृत्त हा विषय शिकून ते तेथे जातात. पण स्वस्थवृत्ताच्या प्रात्यक्षिकात डासाची अळी किती महाविद्यालयांत दाखविली जाते, हे प्राध्यापकांनी स्वतःशी ठरवावे. प्रत्येक जिल्हा शाखेने जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी लेखी संपर्क साधून निदान दोन तरुण सभासदांसाठी प्रत्यक्ष क्षेत्रकामाचा वर्ग मागावा. शिकलेल्यांनी आपल्या गावात दर आठवड्यास ठरावीक घरे तपासून शंभर घरांमागे किती घरांत अळ्या सापडल्या, हे लिहावे आणि त्याच वहीत दवाखान्यातील ज्वराचे रुग्ण गाव व तारखेसह नोंदवावेत. रक्ततपासणीसाठी रुग्ण पाठविण्यात कमीपणा मानू नये. एखाद्या होतकरू पदवीधरास कीटकशास्त्राचे पुढील शिक्षण घ्यावयाचे असल्यास संघटनेच्या निधीतून त्यास साहाय्य व्हावे, असा ठराव आम्ही वार्षिक सभेपुढे मांडणार आहोत. त्यावर मतभेद होतील याची आम्हांस कल्पना आहे, कारण हाच निधी भवनाच्या दुसऱ्या मजल्यासाठी राखून ठेवावा असे मानणारेही आमच्यात आहेत.

आरंभ कोठून करावा, याविषयी मात्र आमच्या मनात संदेह नाही. १९५७ साली शिमोग्याच्या जंगलात ओळखला गेलेला तो ज्वर सुमारे सहा दशकांनी सह्याद्रीच्या कडेकडेने आमच्यापर्यंत आला. २०१५ साली तो गोव्यातील सत्तरी तालुक्यात आढळला व पुढील वर्षी सिंधुदुर्गातील दोडामार्गात. तेथील लोक त्याला माकडताप म्हणतात. काजूच्या बागेत बिया वेचणारा माणूस अकस्मात तीव्र ज्वर, डोकेदुखी व अंगदुखी घेऊन येतो आणि पुष्कळदा तो प्रथम आमच्याच एखाद्या सभासदाच्या पायरीवर बसतो. शेकडा तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूवर नेमके असे औषध अद्याप कोणत्याही पॅथीकडे नाही. बागेत मेलेले माकड दिसले होते काय, हा एक प्रश्न त्या पायरीवर विचारला गेला तर रक्ताचा नमुना दोन दिवस आधी पुण्यास पोहोचू शकतो.

डिसेंबरपासून गोचिडीची अर्धवाढ झालेली पिले जंगलात दिसू लागतात. त्याआधी सिंधुदुर्ग शाखेने बांदा येथे दोन दिवसांचा वर्ग घ्यावा आणि त्यास सत्तरी व पेडणे भागातील वैद्यांनाही बोलवावे, अशी विनंती आम्ही शाखेच्या कार्यवाहांना केली आहे. जाण्या-येण्याचा खर्च त्रैमासिकाकडून दिला जाईल. येताना प्रत्येकाने एक भिंग, एक जाड वही आणि घोट्यापर्यंत झाकणारे कपडे आणावेत.